रीडिंगकाकांचा फिल्टर

गल्लीतले लोक त्यांना रीडिंगकाका म्हणत. हे नाव आपण पाठीमागे घेतो असं लोकांना वाटे. काकांना ते केव्हाच कळलं होतं आणि मनातून आवडलंही होतं. कुणी म्हणालं, आज फार उकडतंय, की काका विचारत, "किती?" कुणी म्हणालं, मुलगा तापाने फणफणलाय, की काकांचा पहिला प्रश्न, "मोजलात का?" माणूस वाईट नव्हता. अडीअडचणीला धावून जाणारा होता, फक्त धावायच्या आधी घड्याळात किती वाजले ते पाहून घ्यायचा.

सवय नोकरीची होती. चौतीस वर्षं काकांनी कागदाच्या एका कारखान्यात बॉयलरवर काढली. दर तासाला वाफेचा दाब बघायचा, दर पाळीला पाणी तपासायचं आणि जे दिसलं ते लॉगबुकात लिहायचं. बॉयलरला कसलंही पाणी चालत नाही. पाण्यात नको ते विरघळलेलं असलं की नळ्यांना आतून थर बसतो, आणि थर बसलेला बॉयलर एखाद्या दिवशी माणसं घेऊन जातो. म्हणून तिथे नियम असा, की लॉगबुकात नाही ते घडलंच नाही. कुणी शपथेवर सांगितलं तरी साहेब म्हणणार, आकडा दाखव. काकांनी हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळला, आणि निवृत्त झाल्यावर तो बरोबर घेऊन घरी आले. खरं तर तो घरी आधीच येऊन बसला होता.

घरचं पाणी मागच्या अंगणातल्या विहिरीचं. त्यात लोह होतं. असं पाणी मोठं फसवं असतं. पंप सुरू केला की काचेसारखं नितळ येतं, बादलीत तासभर उभं राहिलं की पिवळं पडायला लागतं, आणि दुसऱ्या दिवशी तळाला गंजाच्या रंगाचा गाळ धरतं. न्हाणीघराची फरशी नळाखाली तांबडी झालेली, बेसिनमध्ये एक तांबडा ओघळ कायमचा, आणि थेट नळाच्या पाण्याचा चहा केला तर तो काळपट. पांढरा कपडा त्या घरात तीन धुण्यांपलीकडे पांढरा राहत नसे. लग्नानंतर दोनेक वर्षांतच काकूंनी पांढरं काही घ्यायचं सोडून दिलं. चादरी तपकिरी, टॉवेल तपकिरी, पडदे विटकरी. काकांची समजूत अशी, की हिला तपकिरी रंग आवडतो. वाढदिवसाला त्यांनी बायकोला आजवर अकरा तपकिरी वस्तू दिल्या होत्या, त्यात दोन शाली होत्या आणि एकदा तर पायपुसणं होतं.

काकू आता त्या घरात राहत नव्हत्या.

भांडण वगैरे काही झालं नव्हतं. काकूंची थोरली बहीण जिन्यावरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ताई एकट्याच राहायच्या, म्हणून काकू बॅग भरून दोन तासांवरच्या शहरात त्यांच्याकडे गेल्या. दीड महिन्यासाठी म्हणून गेल्या, त्याला आता नऊ महिने होत आले. ताई काठीशिवाय बाजारात जायला लागल्या तरी काकूंचं परतायचं चिन्ह दिसेना. काका दर रविवारी सकाळी फोन करत. काकू तब्येतीचं विचारत, औषधं वेळेवर घेता ना म्हणत, गॅस बंद करायला विसरू नका म्हणत. कधी येतेस, असं काकांनी विचारलं की उत्तर एकच, "बघते." काकांनी वहीत एकोणचाळीस वेळा 'बघते' लिहून ठेवलं होतं. लॉगबुक सुटलं तरी वही सुटली नव्हती.

घर खायला उठत होतं. काका दोन वेळा जेवायला बसायचे खरे, पण जेवण झालं की नाही हे ताट धुताना कळायचं. दाराशी कुणाचं पाऊल वाजलं की उगीचच उठून बघायचे. चाळीस वर्षांत त्यांना कधी एकटं राहावं लागलं नव्हतं, आणि बायको परत आली नाही तर पुढची वर्षं अशीच जाणार, हा विचार मनात आला की ते रेडिओ मोठा करायचे.

शेवटी त्यांनी लेकीला विचारलं. लेक लग्न होऊन फार लांब गेलेली, पण आईशी तिचं रोजचं बोलणं होतं. ती जरा घुटमळली आणि म्हणाली, "बाबा, मी विचारलं होतं तिला. ती म्हणाली, तिकडचं पाणी आता झेपत नाही."

हे ऐकून काकांचा जीव भांड्यात पडला. पाणी म्हणजे काय, हातातलीच गोष्ट. मन दुखावलं असतं, राग आला असता, तर त्याचं रीडिंग कुठून घ्यायचं हा प्रश्न होता. पाण्याला मात्र उपाय असतो. लोह काढायचा फिल्टर मिळतो, तो पंपाजवळ बसवायचा, पाणी स्वच्छ करायचं आणि काकूंना घेऊन यायचं. इतकं सोपं आपल्याला नऊ महिने सुचलं कसं नाही, याचंच त्यांना नवल वाटलं. त्याच दुपारी त्यांनी नवी वही काढली.

चार दिवस काका अंगणातच होते. पंप मिनिटाला किती पाणी देतो हे त्यांनी बादली आणि घड्याळ घेऊन सात वेळा मोजलं. पंपापासून भिंत किती, भिंतीपासून विजेचा खटका किती, टाकीवर दुपारचं ऊन किती वाजता येतं, सगळं टिपलं. फिल्टर अधूनमधून उलट्या पाण्याने धुवावा लागतो आणि तेव्हा आत साठलेला तांबडा गाळ बाहेर पडतो, हे त्यांनी वाचलं होतं. तो गाळ सोडायला त्यांनी विहिरीमागचा मोकळा कोपरा धरला, कारण पाइप तिथे सर्वांत कमी लागत होता. मग पट्टी घेऊन मोठ्या कागदावर नकाशा काढला. शेजारच्या गृहस्थांनी कुंपणावरून विचारलं, काय, पाण्याची टाकी बांधताय की धरण? काका म्हणाले, ही परत येतेय. इतकं बोलून ते स्वतःच दचकले, कारण तसं अजून कुणी म्हटलेलं नव्हतं.

फिल्टरवाल्याचं दुकान बाजाराच्या टोकाला होतं. माणूस चाळिशीचा, बोलघेवडा, कानावर पेन्सिल. त्याने नकाशा पाहिला, मान डोलावली आणि पहिला प्रश्न विचारला, की पाण्यात लोह किती आहे?

या प्रश्नाचं उत्तर काकांकडे सत्तावीस वर्षं तयार होतं. "शून्य पूर्णांक दोन. मी स्वतः तपासलंय, कारखान्याच्या प्रयोगशाळेत."

लेक तेव्हा शाळेत जात होती. काकूंनी धोशा लावला होता, की पाणी खराब आहे, काहीतरी करा. तेव्हा एका सकाळी पाळीवर निघताना काकांनी स्वयंपाकघरातल्या पिण्याच्या पिंपात बाटली बुडवून भरून घेतली, कारखान्यात नेली, नीट तपासली. लिटरला शून्य पूर्णांक दोन मिलिग्रॅम. शून्य पूर्णांक तीनपर्यंत चालतं. संध्याकाळी त्यांनी तो कागद काकूंना वाचून दाखवला आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. त्यानंतर काकूंनी पाण्याचं नाव काढलं की काका म्हणत, रिपोर्ट आहे. पुढे पुढे तो घरातला विनोदच होऊन बसला. काकू म्हणाल्या, डोकं दुखतंय, की बापलेक एकमेकांकडे बघून म्हणायचे, शून्य पूर्णांक दोन! काकू म्हणाल्या, मनगटात कळ येते, की शून्य पूर्णांक दोन! म्हणजे काय, तर हिची तक्रार नेहमी असते, त्यात दम नसतो. काकूही हसायच्या. निदान तोंडाने तरी.

फिल्टरवाला म्हणाला, एवढंच असेल तर फिल्टर लागतच नाही. मग आलात कशाला?

"बायको म्हणते," काकांच्या तोंडून गेलं.

फिल्टरवाल्याने त्यांच्या खिशातून डोकावणाऱ्या रुमालाकडे बोट केलं आणि विचारलं, हा कुठल्या रंगाचा घेतला होता? काकांनी रुमाल बाहेर काढला. दोन महिन्यांपूर्वीच घेतला होता, पांढरा. आता तो पिकल्या पानासारखा झाला होता. फिल्टरवाला हसला नाही. त्याने तपासणीची एक छोटी पेटी काकांच्या हातात ठेवली आणि बजावलं, की घरात भरून ठेवलेलं पाणी घेऊ नका. पंप दहा मिनिटं चालू ठेवा, पंपाच्या तोंडाशीच बाटली काठोकाठ भरा आणि तिथल्या तिथे तपासा. मग त्याने फिल्टरचं काम कसं चालतं ते समजावलं. पाण्यात आधी हवा मिसळायची, म्हणजे विरघळलेल्या लोहाचा गंज होऊन तो वेगळा पडतो. मग पाणी थोडं थांबवायचं. मग वाळूच्या थरातून गाळायचं. आणि साठलेला गाळ दर तिसऱ्या दिवशी उलट्या पाण्याने धुवून टाकायचा. हे सगळं टाकी आपोआप करते, माणसाला हात लावावा लागत नाही, असं तो अभिमानाने म्हणाला. काकांनी सगळं वहीत लिहून घेतलं. तेव्हा त्यांना काहीच जाणवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पंप दहा मिनिटं चालवला, बाटली भरली, काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकले. पेटीत रंगांचा तक्ता होता, फिकट गुलाबीपासून गडद लालपर्यंत, शेवटचा चौकोन पाचाचा. नळीतला रंग त्या चौकोनाच्याही पलीकडे गेला. काकांनी औषधाच्या बाटलीवरची तारीख पाहिली. तारीख ठीक होती. पाण्यात तेवढंच शुद्ध पाणी मिसळून पुन्हा तपासलं आणि आकडा दुप्पट केला. सहा पूर्णांक चार. तीनदा केलं, तीनदा तेच आलं.

चूक कुठे आहे हे शोधायचं तर जुन्या जागेचंच पाणी घ्यावं, म्हणून ते स्वयंपाकघरात गेले. पिंपातलं पाणी तपासलं. तेही पाचाच्या घरात. काकू गेल्यापासून ते पिंप थेट नळाखाली भरत होते. तळाशी बोटभर गाळ होता, तो काका पाणी घेताना रोज बघत होते आणि रोज म्हणत होते, पिंप घासायला हवं.

मग काका पिंपासमोर उभे राहिले, हातात नळी तशीच.

रोज जेवणं आटोपली की काकू मागच्या पायरीवर दोन बादल्या घेऊन बसत. एकीतलं पाणी उंचावरून दुसरीत ओतायचं, दुसरीतलं पुन्हा पहिलीत. वीस-पंचवीस वेळा. मग ते तासभर तसंच ठेवायचं, चौपदरी फडक्यातून पिंपात गाळायचं आणि निजायच्या आधी वर झाकण अर्धवट टाकायचं. सकाळी न ढवळता वरचं वरचं वापरायचं, तळाचं नेऊन अंगणात ओतून यायचं. हे कुणी त्यांना शिकवलेलं नव्हतं, हळूहळू बघत बघत त्यांचं त्यांनीच बसवलं होतं. काकांनी ते वर्षानुवर्षं पाहिलं होतं. पाहुणे आले की सांगायचेही, "आमच्या हिला पाणी झुलवल्याशिवाय झोप येत नाही." पाहुणे हसायचे.

हवा, थांबवणं, गाळणं, गाळ टाकणं. काल दुकानात वहीत लिहून घेतलेलं सगळं तेच होतं.

काकांना अजून खात्री करायची होती. मेली सवय जाता जात नाही. संध्याकाळी त्यांनी दोन बादल्या घेतल्या आणि पायरीवर बसले. नवव्या वेळेला खांदा भरून आला. चौदाव्याला पाणी पायावर सांडलं. पंचविसाव्याला मनगटातून अशी कळ गेली, की बादली खाली ठेवून ते बराच वेळ नुसते बसून राहिले. काकूंचं फडकं खिळ्याला लटकत होतं, त्यातून पाणी गाळून झाकून ठेवलं. सकाळी वरचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले. नळी जेमतेम गुलाबी झाली. शून्य पूर्णांक तीन. काकूंचा हात सरावलेला, म्हणून त्यांचं शून्य पूर्णांक दोन आलं असणार.

त्यांनी तेव्हा विहिरीचं पाणी तपासलंच नव्हतं. बायकोने राबून स्वच्छ केलेलं पाणी नेलं होतं, आणि ते स्वच्छ आहे म्हणून तिलाच खोटं पाडलं होतं. बॉयलरवरचा कुणी पोऱ्या नमुना चुकीच्या ठिकाणाहून घेऊन आला असता तर काकांनी त्याला उभा सोलला असता. काकांना लाज वाटली, आणि ती कारखान्यातल्या चुकीची वाटते तशी नव्हती. सत्तावीस वर्षांचे दिवस किती, त्याला गुणिले पंचवीस, असा हिशेब त्यांनी वहीत मांडायला घेतला आणि पेन खाली ठेवलं. मग कपाट उघडलं. पिवळा पडलेला रिपोर्ट दाराला होता तसाच होता. नखाने सोलून काढायला त्यांना अर्धा तास लागला.

मंगळवारी ते नकाशाची गुंडाळी काखेत मारून बसमध्ये बसले. फोनवर सांगण्यासारखं हे नव्हतं. वाटभर त्यांनी वाक्यं जुळवली. चूक कबूल करायची, मग नकाशा दाखवायचा, मग म्हणायचं, चल. चुकीचं कारण सापडलं की यंत्र पुन्हा सुरू होतं, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं.

दार ताईंनी उघडलं. काकांना पाहून त्यांनी बहिणीला हाक मारली आणि मला जरा पडायचंय असं म्हणून आतल्या खोलीत गेल्या. खोली लहान होती. खिडकीला पांढरे पडदे होते. पलंगावर पांढरी चादर. काकू बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या अंगात पांढरा स्वेटर होता. काकांनी बायकोला इतक्या वर्षांत पांढऱ्या कपड्यात पाहिलं नव्हतं, आणि क्षणभर त्यांना वाटलं, ही बाई आपल्या ओळखीची नाही. ती छान दिसत होती. हेही त्यांना जरा लागलं.

काकूंनी पाणी दिलं. काकांनी ग्लास हातात धरला आणि जुळवलेली वाक्यं सगळी विसरले.

"मी तेव्हा पिंपातलं पाणी नेलं होतं," ते म्हणाले.

"हो."

"विहिरीचं न्यायला हवं होतं."

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"मी शेगडीशीच उभी होते. माझ्यासमोर बुडवलीत की बाटली."

काकांनी ग्लास टेबलावर ठेवला. मग त्यांनी विचारलं, "मग बोलली का नाहीस?"

काकूंनी थोडा विचार केला. राग त्यांच्या चेहऱ्यावर नव्हता. राग असता तर काकांना सोपं गेलं असतं. "त्या दिवशी वाटलं, संध्याकाळी येऊन म्हणाल, पाणी इतकं चांगलं कसं निघालं? रोज बघत होतात ना मला बादल्या घेऊन बसलेली. नाही विचारलंत. पुढे एकदा मीच सांगितलं, अहो, ते गाळलेलं होतं. तुम्ही म्हणालात, रिपोर्ट आहे."

"मला आठवत नाही."

"नसेल. लिहून कुठे ठेवलंत."

काकांनी मान खाली घातली. मग ते म्हणाले, "चुकलो." हा शब्द त्यांच्या घरात फारसा वापरात नव्हता, त्यामुळे तो जरा घोगराच निघाला. काकू म्हणाल्या, बरं. त्या 'बरं'मध्ये काय होतं हे काकांना ओळखता आलं नाही. मग त्यांनी नकाशा उलगडून टेबलावर पसरला.

आणि काकू वाकून बघू लागल्या. चष्मा आणला, बोट फिरवत फिरवत पंप, टाकी, पाइप सगळं समजून घेतलं. हवा कुठे मिसळते ते विचारलं. टाकी किती उंच ते विचारलं. काकांचा जीव सुपाएवढा झाला. ज्या बाईला यायचं नाही ती इतकं कशाला विचारेल? ते भराभर सांगत सुटले, की तुला आता कशाला म्हणून हात लावायला नको, सगळं आपोआप होणार.

काकूंचं बोट विहिरीमागच्या कोपऱ्यावर थांबलं. "हे काय?"

काकांनी सांगितलं, धुतलेला गाळ इथे सोडायचा.

"इथे नको. इथलं पाणी परत विहिरीकडे जातं. तळाचं पाणी मी आधी तिथेच ओतायची. जमिनीला उतार आहे तिकडे. नुसतं दिसत नाही. पलीकडे कुंपणाच्या अंगाला सोडा." त्यांनी पेन्सिल मागितली, काकांची रेघ खोडली आणि दुसरी काढली. पट्टी न लावता काढलेली, जरा वाकडी रेघ.

"मग येशील?" काकांनी विचारलं.

काकूंनी पेन्सिल खाली ठेवली. "नाही."

"पाणी चांगलं होणार आहे आता. तूच म्हणालीस ना लेकीला, पाणी झेपत नाही."

"म्हणाले. तिला आणखी काय सांगणार होते? तीही हसायचीच की." काकूंनी चष्मा काढला. "पाण्याचं काही नाही हो. अजून दहा वर्षं ओतलं असतं. पण दुखतंय म्हटलं की तुम्ही दोघं एकमेकांकडे बघायचात, ते नाही झेपत. इथे म्हटलं डोकं दुखतंय, तर ताई म्हणते, पड जरा. किती दुखतंय म्हणून विचारत नाही. मला इथे बरं वाटतं."

काका म्हणाले, आता मी तसं करणार नाही. काकू म्हणाल्या, नसालही करणार. मग त्यांनी नकाशाची गुंडाळी करून काकांच्या हातात दिली. "फिल्टर बसवून घ्या. तुम्हाला रोज प्यायचंय ते पाणी. पण मी येईन म्हणून नका बसवू. मी येणार नाही."

त्या जेवून जा म्हणाल्या. काका जेवले नाहीत, बसची वेळ झाली असं खोटंच सांगून निघाले आणि थांब्यावर दीड तास बसून राहिले. येणाऱ्या जाणाऱ्या माणसांकडे बघत होते. त्यांना राहून राहून वाटत होतं, की शेवटचं वाक्य काकूंनी रागाने म्हटलं असतं, निदान रडून म्हटलं असतं, तर बरं झालं असतं. बसमध्ये त्यांना खिडकीची जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसत नव्हतं.

दोन दिवस त्यांनी अंगणाचं दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी उघडलं, बादली भरली आणि विहिरीमागच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. ओतायचं आणि पाणी कुठे जातं ते बघायचं, एका मिनिटाचं काम. बादली तिरपी केली, थोडं पाणी काठापर्यंत आलं. मग त्यांनी बादली सरळ केली, न्हाणीघरात नेऊन ठेवली आणि फिल्टरवाल्याला फोन लावला.

तो शनिवारी आला, मापं घ्यायला आणि खुणा करायला. टाकीसाठी ओटा किती उंच बांधायचा, पाइप भिंतीत कुठे शिरवायचा, कुठल्या दिवशी गवंडी येईल आणि कुठल्या दिवशी टाकी, सगळं ठरलं. विहिरीचं रीडिंग ऐकून त्याने शीळ घातली आणि एवढ्याला मोठी टाकी लागेल म्हणाला. मग भिंतीवर खडूने रेघा मारता मारता तो नकाशापाशी अडकला. गाळाचा पाइप आधी जवळच्या कोपऱ्यात होता, तो इतका लांब वळसा घालून कुंपणाकडे कशाला नेलात? पाइप दुप्पट लागेल.

"त्या कोपऱ्यातून पाणी विहिरीकडे परत येतं," काका म्हणाले.

"उतार मोजलात?"

"नाही. बायकोने सांगितलं."

फिल्टरवाल्याने जमिनीकडे पाहिलं, चवड्यावर बसून डोळा बारीक केला आणि म्हणाला, असेल बुवा, त्यांचं रोजचं अंगण. मग उठून हात झटकले. कामाचं बोलून झालं होतं आणि माणूस मुळात गप्पिष्ट. काकू दिसल्या नाहीत, कुठे असतात, असं त्याने विचारलं. बहिणीकडे असते, असं काकांनी सांगितलं. हो का, म्हणून तो हसला आणि म्हणाला, काळजी करू नका. असं बरंच पाहिलंय आम्ही. पुढच्या आठवड्यात पाणी सुरू झालं, की त्यांना एकदा नुसतं बघायला म्हणून बोलवा. पहिला ग्लास त्यांच्या हातात द्या. दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन हजर होतात की नाही बघा.

"नाही यायची," काका म्हणाले.

"अहो, बोलवून तर बघा. माणूस रागात नाही म्हणतं, मनात तसं थोडंच असतं?"

काका भिंतीवरच्या खडूच्या खुणांकडे बघत होते.

"ती नाही म्हणालीय," ते म्हणाले. "म्हणजे नाही."